गावातलं एक नंबरचं तोंड

रंजीता पचारे आधी पाच वर्षं दातांचं शिकली, तेव्हा चिचटोल्यात कुणी काही बोललं नाही. दात दुखला की माणूस भिंतीला डोकं टेकवून बसतो, तो उपटणारा कुणीतरी पाहिजेच. पण पाच वर्षं झाल्यावर पोरगी गावाकडे यायची सोडून पुन्हा तीन वर्षांसाठी नागपुरातच राहिली, आणि तीही म्हणे फक्त लेकरांच्या दातांसाठी. मग मात्र तलावाच्या पाळीवर चर्चा सुरू झाली.

"दुधाचे दात?" झिंगूभाऊ म्हणाला. "ते त आपल्यानंच पडते ना बाप्पा! आमचे नाई पडले काय? कोन डाक्टर आला होता?"

"मंग तीन सालं काय शिकवत असन तिले?"

"पडतानी झेलाचे कसे, ते शिकवत असन."

सगळे हसले. रंजीताचा बाप गोविंदा तिथंच बसून फाटलेलं जाळं सांधत होता. तलावातली मासोळी धरणं हाच त्याचा धंदा, आणि कुणी चिडवलं तर चिडायचं नाही हा त्याचा स्वभाव. तो म्हणाला, "हसा, हसा. पोरगी म्हनते, लेकराचा दात टायमाच्या आधी गेला त मागून येनारा वाकडा येते. आता माहे सगरे वाकडेच हायेत, मी काय बोलू?"

गोविंदाभाऊचे दात वाकडे होतेच, वर तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं लालही झाले होते. पोरगी दिवाळीला घरी आली की तो डोंग्यातून उतरतच नसे. तलावाच्या मधोमध बसून तोंड हलवायचा आणि पोरगी पाळीवरून हाक मारायची, "बाबा, मले दिसून राह्यलं!"

रंजीता अशी होती. मोठ्या आवाजाची, खाण्यापिण्यात दमदार, रडण्यात वेळ न घालवणारी. काही बिनसलं की ती आधी काहीतरी खाऊन घेई आणि मग विचार करी. लेकरांच्या दातांच्या विभागात हा स्वभाव फार कामाला आला. तिथं भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेले, छताला टीव्ही टांगलेला, आणि खुर्चीत बसलेलं लेकरू मात्र कापायला नेल्यासारखं बोंबलत असतं. पहिल्या वर्षी रंजीताला इतक्या पोरांनी चावलं की तिच्या बोटावरचे वण पाहून मेसच्या बाईनं विचारलं, कुत्रं पाळलं काय म्हणून.

या शिक्षणात अर्धं काम दाताचं आणि अर्धं लेकराच्या मनाचं. कोणतीही वस्तू तोंडात घालायच्या आधी ती लेकराला सांगायची, मग दाखवायची, मगच वापरायची. आणि सुई, ड्रिल असे शब्द तर उच्चारायचेच नाहीत. बाकीचे रेसिडेंट डॉक्टर ड्रिलला रॉकेट म्हणत, विमान म्हणत. रंजीता म्हणे, "ही धानाची मिल आहे. टरफल निघते, तांदूळ राहतो." थुंकी ओढणाऱ्या नळीला ती म्हणे, "ही झिंगे धरते." एका नागपुरी पोरानं उपचार झाल्यावर, झिंगे कुठे आहेत ते दाखवा, म्हणून खुर्चीतून उतरायलाच नकार दिला होता. विभागप्रमुख मॅडम रंजीताला म्हणाल्या, "पचारे, उद्यापासून खोटे झिंगे आणून ठेवा." तिनं खरंच रबराचे आणले.

अशी तीन वर्षं सरली आणि शेवटची परीक्षा आली.

आता ही परीक्षा कशी असते ते सांगावं लागेल, कारण सगळा घोळ तिथंच झाला. दातांच्या या परीक्षेला विद्यार्थ्यानं आपला पेशंट आपणच आणायचा असतो. दुधाच्या दाढेत आतपर्यंत कीड गेलेलं लेकरू पाहिजे. परीक्षकांच्या समोर पहिल्या दिवशी ती दाढ कोरायची, आतली खराब नस काढायची, औषध भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी वरून स्टीलची टोपी बसवायची. लेकरू आलं नाही, पळालं, तापलं, तर विद्यार्थी नापास आणि पुन्हा सहा महिने तिथंच. म्हणून परीक्षेच्या महिन्यात हे रेसिडेंट पेशंटला नवरदेवासारखं जपतात. रंजीताच्या सोबतचा सुरेंद्र तर आपल्या पेशंटचं नावसुद्धा कुणाला सांगत नव्हता. कुणी पळवून नेलं तर!

रंजीताचा पेशंट नागपूरचाच होता. परीक्षेला आठवडा उरला असताना त्याच्या आईचा फोन आला. "मॅडम, रात्री फार दुखलं हो त्याला. कॉलनीतल्या डॉक्टरांकडून दाढ काढूनच टाकली. आता एकदम छान झोपतो!"

रंजीता म्हणाली, "वा, छान." मग कॅन्टीनमध्ये जाऊन दोन समोसे खाल्ले. दुसरा समोसा संपता संपता तिला दिव्यानी आठवली.

दिव्यानी म्हणजे चिचटोल्याच्या वच्छलाची पाच वर्षांची पोरगी. हिवाळ्यात रंजीतानं गावच्या शाळेच्या व्हरांड्यात दात तपासायचं शिबिर घेतलं होतं, तेव्हा बॅटरीच्या उजेडात तिनं त्या पोरीची दाढ पाहिली होती. अगदी परीक्षेसाठीच किडल्यासारखी दाढ होती ती. रंजीतानं लगेच बापाला फोन लावला. गोविंदाभाऊ टॉवर मिळावा म्हणून पाळीवर चढला, तरी आवाज तुटतच होता.

"बाबा, वच्छलाच्या दिव्यानीले नागपूरले पाठवा. माह्या परीक्षेले पाहिजे."

"परीक्षेले? तिले काय येते?"

"तिले काई नाई करा लागत. तिचे दात पाह्यतेत परीक्षक. बाहेरगावचे मोठे मोठे लोक येतेत. इतवारी संध्याकारपर्यंत..."

आणि फोन गेला.

मे महिना होता. मे महिन्यात आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. ज्याचे हातपाय चालतात तो पहाटेच जंगलात जातो, दुपारी घरी बसून पानांचे पुडे बांधतो आणि संध्याकाळी फळीवर नेतो. फळी म्हणजे पुडे मोजून घेतात ती जागा. सगळं गाव एकाच जागी उभं असतं, म्हणून गावाचे सगळे निर्णय त्या दिवसांत फळीवरच होतात. गोविंदाभाऊनंही तिथंच सांगितलं, की रंजीताच्या परीक्षेला आपल्या गावचे दात पाहणार आहेत आणि तिनं दिव्यानीला बोलावलं आहे.

वच्छला म्हणाली, "मी नेली असती जी, पन पानं कोन तोडन?"

"पानाचं जाऊ दे," सुगंधाबाई मधेच बोलली. "तुह्या पोरीचं तोंड पाह्यलं का? चुलीतल्या कोरश्यासारखं! बिस्कुटं चारून चारून नास केला तुनं. ते बाहेरगावचे मास्तर म्हनन, हेच शिकली काय ही पोट्टी? सोताच्या गावातले दात नाई सांभारता आले हिले!"

सुगंधाबाई म्हणजे गावची मोठी बाई. धानाची चांगली शेती, खणखणीत आवाज, आणि गुडघे गेल्यामुळे जंगलात जाता येत नसल्यानं बोलायला मोकळा वेळ. तिचा नातू निकेश, तोही पाच वर्षांचाच. रंजीताच्या त्या शिबिरात सगळ्यात चांगले दात म्हणून पहिला नंबर त्याचाच आला होता, बक्षीस म्हणून लाल ब्रश मिळाला होता. तेव्हापासून पाहुणा आला, की सुगंधाबाई नातवाला अंगणात बोलावून त्याचे ओठ वर करी आणि म्हणे, "पाहा. डाक्टरनं नंबर देल्लेले दात हायेत."

झिंगूभाऊनं मान हलवली. "बरोबर हाये. शंकरपटाले आपन बैल निवडूनच नेतो ना? धानाचं बियानं त निवडूनच ठेवतो. आता पोट्टीची आठ सालाची मेहनत, अन् पाठवाव कोनाले, त दिव्यानीले?"

गोविंदाभाऊ चाचरत म्हणाला, "पन ते म्हनत होती, दिव्यानीच..."

"तिले काय मालूम! फोन तुटत असन. तिनं निकेसचंच नाव घेतलं असन."

बाप असूनही गोविंदाभाऊला ते पटलं. खरं सांगायचं तर तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनाच पटलं. वच्छला खाली मान घालून पुडे रचत राहिली. ठरलं ते असं, की निकेशला घेऊन सुगंधाबाईनं जायचं. दोन दिवसांनी वच्छला पोरीला घेऊन कोरचीकडे बहिणीच्या गावी पानं तोडायला गेली, आणि तिकडे तर पाळीवर चढूनही टॉवर मिळत नाही.

रविवारी संध्याकाळी रंजीता होस्टेलच्या फाटकाशी उभी होती. ऑटोतून सुगंधाबाई उतरली. हातात मोहाच्या लाडवांचा डबा, काखेत पिशवी. मागून निकेश उतरला. नवा सदरा, तेलानं चापून बसवलेले केस, आणि दात तर राखेनं घासून घासून असे केलेले, की संध्याकाळच्या उन्हात चमकत होते.

"आजी, तुमी? दिव्यानी कुठी हाये?"

"तिले कोन आनते गे रंजे! नास झाला असता तुहा." सुगंधाबाईनं नातवाचा जबडा धरला आणि बैलबाजारात दाखवतात तसा उघडून दाखवला. "हे पाय. गावातलं एक नंबरचं तोंड आनलं तुह्यासाठी. आता कोन नापास करते तुले, पाह्यतो मी!"

रंजीता पाहत राहिली. तिचा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच समजा. परीक्षेला किडकी दाढ पाहिजे होती, आणि गावानं प्रेमानं, विचार करून, एकमतानं चकचकीत दात पाठवले होते. बापाला फोन केला, तो म्हणाला, "मी सांगतलो, पन मले बी त्याहिचंच बरोबर वाटलं." वच्छलाचा फोन लागेना. सुरेंद्रला विचारलं, तर त्यानं आपला पेशंट जणू खिशातच आहे असं समजून खिशावर हात ठेवला.

तिनं सुगंधाबाईला काहीच सांगितलं नाही. इतक्या लांबून आलेल्या म्हातारीला काय सांगणार, की तुझा नातू फारच चांगला आहे म्हणून मी नापास होऊन राह्यली? ती दोघांना मेसमध्ये जेवायला घेऊन गेली. रंजीता स्वतः तीन पोळ्या आणि दोन वाट्या वरण खाऊन विचार करायला मोकळी झाली. निकेशपुढे तिनं फुटाणे ठेवले.

आणि ती नुसतीच त्याच्याकडे पाहत बसली. तीन वर्षं लेकरांची तोंडं पाहण्यात गेली होती. बाकीचे लोक लेकरू खाताना लेकराकडे पाहतात, ही गालाकडे पाहते. निकेश फुटाणा तोंडात टाकायचा, जिभेनं तो डावीकडे ढकलायचा आणि मान थोडी तिरपी करून चावायचा. दुसराही तसाच. तिसराही तसाच. उजव्या बाजूला एकही फुटाणा गेला नाही. रंजीतानं थंडगार पाण्याचा गिलास पुढे केला. पोरगं पाणीसुद्धा मान डावीकडे करूनच प्यालं.

"निकेस, उजव्या बाजूनं चाव बरं एक."

पोरानं आजीकडे पाहिलं. "मले भूक नाई."

"आता त खाऊन राह्यला होता!"

"आता नाई."

रंजीता त्याला हात धुवायला म्हणून नळाकडे घेऊन गेली. खिशातून दातांत घालायचा मेणाचा धागा काढला. "हे जारं हाये निकेस. दोन दाताच्या मधात मासोळी हाये का पाहू." खालच्या उजव्या दोन दाढांच्या फटीत तिनं धागा हळूच उतरवला आणि वर ओढला. धागा तंतू-तंतू होऊन निघाला. तिनं तो नाकाशी धरला आणि तिला एवढा आनंद झाला, की सांगायची सोय नाही. वास येत होता. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडाला वास आला म्हणून आनंदानं उडी मारणारा माणूस या जगात फक्त परीक्षेला बसलेला दातांचा डॉक्टरच असेल.

सकाळी विभाग उघडल्याबरोबर दाढेचा एक्स-रे काढला. वरून पांढरीशुभ्र दाढ, आणि दोन दाढा जिथं एकमेकींना चिकटतात तिथून आत शिरलेली कीड पार नसेपर्यंत गेलेली. पडद्यावर काळा डाग स्पष्ट दिसत होता. मॅडमनी चष्मा वर केला. "पचारे, केस सुंदर आहे. कुठून मिळाली?"

"गावातून, मॅडम. याला शिबिरात चांगल्या दातांचं पहिलं बक्षीस मिळालं होतं."

"हे तोंड पाहून बक्षीस कोणी दिलं?"

"मीच, मॅडम."

मॅडम चष्मा पुन्हा खाली करून म्हणाल्या, "परीक्षकांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगू नका."

आता राहिली सुगंधाबाई. निकेशच्या बापानं फोनवर हो म्हटलं होतं, पण त्याची अट एकच, "माय म्हनन तसं करा." आणि माय पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय हाये?"

"कीड हाये आजी."

"तुह्या मशीनीत असन. माह्या नातवाच्या तोंडात नाई."

"आजी, वरून दिसत नाई. दोन दाढाच्या मधात हाये."

"पह्यला नंबर तुनंच देल्ला ना? तवा डोरे कुठी गेले होते तुहे? अन् आज तुले परीक्षेत दाखवाले कीड पाहिजे, म्हनून चांगला दात कोरतेस काय?"

आता यातलं पहिल्या नंबराचं तरी खरंच होतं. बाहेर परीक्षक आल्याची गडबड सुरू झाली होती. सुरेंद्र हातमोजे घालून तयार होता. रंजीतानं धाग्याचा एक तुकडा तोडला आणि सुगंधाबाईच्या हातात दिला. "तुमीच पाहा जी. मी हात लावत नाई."

सुगंधाबाईनं नातवाला उजेडाकडे वळवलं. आधी डाव्या बाजूला धागा घातला. तो सुळकन आत गेला आणि सुळकन बाहेर आला. मग उजव्या बाजूला. तो अडकला, ओढला, तुटका-तुटका होऊन निघाला. तिनं वास घेतला. मग पुन्हा घेतला. पाण्यात सडलेल्या धानाच्या रोपाचा वास जिनं जन्मभर ओळखला, तिला हा वास सांगायला कुणी लागत नव्हतं.

"निकेस, दुखते का रे?"

पोरगा भिंतीवरचा जिराफ पाहू लागला.

"खरं सांग. मारत नाई."

"थोडं थोडं."

"कवापासून?"

"मंडईपासून."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडली जत्रा. म्हणजे पोट्टा सहा महिन्यांपासून एकाच गालानं जेवत होता.

"मंग सांगला काऊन नाईस, मूर्खा?"

"तू सगऱ्यायले माहे दात दाखवत होतीस ना," निकेश म्हणाला.

सुगंधाबाई स्टुलावर बसली. धागा तिनं बोटाला गुंडाळला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "रंजे, वच्छलाले मी फळीवर काय काय बोलली, तुले मालूम नाई. आता ही दाढ दुरुस्त करशील त लोकायले दिसन का?"

"दिसन आजी. स्टीलची टोपी बसवा लागते. चांदीसारखी चमकते."

"चांदीसारखी?" म्हातारीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "मंग मी सांगीन, परीक्षेत पह्यला आला म्हनून टोपी घातली. कुठी करू सही?"

परीक्षा सुरू झाली. निकेश खुर्चीत असा बसला, की जणू तीच त्याची रोजची जागा. मिल दाखवली, त्यानं मान हलवली. झिंगे धरायची नळी दाखवली, त्यानं विचारलं, "मरर मासोळी बी धरते का?" बधिर करायच्या सुईला रंजीता झोपेचं पाणी म्हणाली, तेव्हा फक्त एकदा पायाची बोटं आवळली. दाढेभोवती रबराची पातळ चादर बसवली, त्याला ती दाताचा रेनकोट म्हणाली. बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या मिशांचे उंच सर, मागे हात बांधून उभे होते.

मिल सुरू झाली आणि बाहेर बाकावर बसलेल्या सुगंधाबाईला तो आवाज ऐकू गेला. दार उघडून ती सरळ आत आली.

"थांब गे! काय फिरवून राह्यली माह्या पोट्ट्याच्या तोंडात?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. परीक्षेत नातेवाईक आत येणं म्हणजे वाईटच. रंजीतानं ड्रिल बाजूला ठेवलं, दात घासायचा मऊ ब्रश मशीनला लावला आणि म्हणाली, "आजी, बोट द्या." सुगंधाबाईनं अंगठा पुढे केला. ब्रश भर्रकन नखावर फिरला. म्हातारीनं अंगठा उजेडात धरून पाहिला. शेणामातीत वाढलेलं ते नख पहिल्यांदाच चमकत होतं.

"दुखलं का?"

"नाई." मग तिनं बाकीची बोटं पाहिली. "पन एकच काऊन केलं? बाकीचे का नोकराचे हायेत?"

मिशांच्या सरांचे खांदे हलले. ते म्हणाले, "डॉक्टर, आजींची बाकीची नखं परीक्षा झाल्यावर करून द्या. आजी, तुम्ही इथंच बसा." सुगंधाबाई बसली, आणि नातवाचा पाय धरून शेवटपर्यंत बसूनच राहिली. नस निघाली, रक्त थांबलं, औषध भरलं. निकेश तोंड उघडं ठेवून छतावरच्या टीव्हीतलं अस्वल पाहत होता.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "वरून काहीच दिसत नव्हतं. मग निदान कसं झालं?"

"फुटाणे खाताना पाहिलं सर. उजवीकडे एकही जात नव्हता."

"आणि केस कशी निवडली?"

मॅडमनी डोळ्यांनी नको म्हटलं. पण रंजीताला खोटं बोलायला वेळ लागतो आणि खरं पटकन बोलता येतं. तिनं फळीवरची सगळी गोष्ट सांगितली. शंकरपटाचे बैल, निवडलेलं बियाणं, चुलीतला कोळसा, स्वतः दिलेला पहिला नंबर, सगळं. सर आधी नुसते ऐकत होते. मग त्यांनी मास्क खाली केला, चष्मा काढला आणि पुसत पुसत म्हणाले, "म्हणजे बॅटरीच्या उजेडात फसलात."

"हो सर."

"आता फसाल?"

"आता आधी फुटाणे देईन सर."

दुसऱ्या दिवशी टोपी बसली. काही दिवसांनी निकाल लागला आणि रंजीता पास झाली. गोविंदाभाऊनं तलावातली मोठी मरळ काढली आणि पाळीवरच शिजवली. कुरखेड्याच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसायचं तिचं ठरलं, आणि त्याआधी ती चार दिवस गावी आली.

गावात आली आणि दारातच थांबली. अंगणात पोरं उभी होती, आणि प्रत्येकाच्या दाढेवर काहीतरी चमकत होतं. एकाचं तोंड उघडून पाहिलं, तर चॉकलेटचा चांदीचा कागद! सुगंधाबाईनं गावभर सांगितलं होतं, की नागपुरात दातांच्या परीक्षेत निकेश पहिला आला आणि त्याला चांदीची टोपी बक्षीस मिळाली. तेव्हापासून पोरं दिवसभर चॉकलेट खात होती, कागद दाढेवर चिकटवत होती, आणि कागद निघाला की पुन्हा चॉकलेट मागत होती. दुकानात चॉकलेट उरलं नव्हतं.

त्याच गर्दीत वच्छला दिव्यानीला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "रंजीताबाई, माह्या पोरीले काई बक्षीस नाई मिरत का हो? कोरश्याले बी काई त मिरत असन."

रंजीतानं पोरांमागे उभ्या असलेल्या सुगंधाबाईकडे पाहिलं. खरं काय ते सांगायचं तर आजीच सांगेल, असं रंजीतानं मनाशी ठरवलं होतं. सुगंधाबाईनं आधी पोरांकडे पाहिलं. एक पोट्टा तेवढ्यातच नवीन चॉकलेट सोलत होता.

"फेका रे ते चमक्या!" ती एवढ्यानं ओरडली, की तलावावरचे बगळे उडाले. मग निकेशला पुढे ओढलं आणि त्याचा ओठ खाली केला. "पाहा सगरे. इथी कीड होती. सडून वास येत होता. मी रोज हे तोंड लोकायले दाखवली अन् मलेच दिसलं नाई. हे बक्षीस नोय, ठिगर हाये ठिगर! ज्याचा सडते त्यालेच लागते."

 झिंगूभाऊनं नुसता घसा साफ केला. सुगंधाबाई वच्छलाकडे वळली. आवाज तसाच मोठा, पण बोलणं थोडं वेगळं. "तुह्या पोरीचं त वरूनच दिसते, ते सोपं हाये. परवा कुरखेड्याले घेऊन जाऊ. मी येतो संगं. ते आतमंदी काय काय फिरवते ते मले सगरं मालूम हाये, मी सांगीन तिले."

वच्छलानं दिव्यानीच्या तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "या ना. पन खिडकीजवर माही पोरगी बसन."

परवा सकाळच्या गाडीत खिडकीजवळ दिव्यानी बसली, तिच्या बाजूला वच्छला, आणि सुगंधाबाई कुरखेड्यापर्यंत उभी गेली.